टेराफॉर्मिंग म्हणजे नक्की काय? आणि मराठीत लिहायचं कसं?

अबोली

नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकासाठी मंगळावरचा एक लेख मराठीत आणतेय. मूळ लेखात दर दुसऱ्या परिच्छेदात 'टेराफॉर्मिंग' येतं. मी शब्द तसाच ठेवला होता. संपादकांनी सगळीकडे खोडून 'वसाहतीकरण' केलं. लेखात एक वाक्य आहे की टेराफॉर्मिंग न करताही मंगळावर वसाहत होऊ शकते. ते आता 'वसाहतीकरण न करताही वसाहत होऊ शकते' असं झालंय.

तर दोन प्रश्न. या शब्दाच्या अर्थाची हद्द कुठपर्यंत जाते? मंगळावर काचेचा घुमट बांधून आत टोमॅटो लावले तर ते टेराफॉर्मिंग म्हणायचं का? आणि दुसरं, मराठी शब्द करायचाच झाला तर कुठला? मला 'पृथ्वीकरण' आणि 'वसुंधरीकरण' सुचले. दोन्ही मोठ्याने वाचले की पुढे 'अभियान' जोडावंसं वाटतं.

टवाळ

रुमाल टाकून ठेवतो. 'वसुंधरीकरण अभियानांतर्गत मंगळावर वृक्षारोपण, पालकमंत्र्यांच्या हस्ते.'

धूमकेतू

आधी अर्थ बघू. शब्द नंतर भांडून ठरवता येईल.

हा शब्द शास्त्रज्ञांचा नाही, कथाकाराचा आहे. जॅक विल्यमसन या अमेरिकन लेखकाने विल स्टुअर्ट या टोपणनावाने 'कोलिजन ऑर्बिट' नावाची कथा लिहिली. ती 'अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन' मासिकाच्या जुलै १९४२ च्या अंकात आली. शब्द तिथला. शास्त्रज्ञांनी तो बराच काळ जवळ केला नाही. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी १९६१ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात शुक्राबद्दल लिहिलं: तिथल्या ढगांत शेवाळ सोडायचं, ते कार्बन डायऑक्साइड खाईल आणि ग्रह थंड होईल. १९७३ मध्ये मंगळाबद्दल लिहिलं: ध्रुवांवरच्या बर्फावर काळा पदार्थ पसरायचा, म्हणजे ते जास्त ऊन शोषेल आणि त्याची वाफ होऊन हवा दाट होईल. पण या दुसऱ्या लेखाच्या शीर्षकातही 'प्लॅनेटरी इंजिनिअरिंग' आहे, टेराफॉर्मिंग नाही. गंभीर लेखनात हा शब्द मोकळेपणी दिसायला लागला तो ऐंशीच्या दशकापासून.

व्याख्येसाठी मी मार्टिन फॉग यांचा आधार घेतो. त्यांनी १९९५ मध्ये या विषयावर पाठ्यपुस्तकच लिहिलंय. त्यांची मांडणी साधारण अशी: कुठल्याही ग्रहाच्या एकूण पर्यावरणात मुद्दाम बदल करणं म्हणजे प्लॅनेटरी इंजिनिअरिंग, ही मोठी छत्री. तिच्याखाली, पृथ्वीवर केलं तर जिओइंजिनिअरिंग. परग्रहावर, तिथली जीवसृष्टी पोसायची क्षमता वाढवण्यासाठी केलं तर टेराफॉर्मिंग. आणि याचं शेवटचं टोक म्हणजे माणसाला कसल्याही आडोशाशिवाय राहता येईल असं उघडं, स्वतःच्या बळावर चालणारं जीवावरण.

या व्याख्येत 'उघडं' या शब्दावर बोट ठेवा. घुमटातले टोमॅटो बंदिस्त आहेत, बाहेरचा मंगळ होता तसाच आहे. त्यामुळे ते टेराफॉर्मिंग नाही. वसाहत मात्र नक्कीच आहे. अबोली, तुमचं मूळ वाक्य बरोबर आहे आणि संपादकांनी त्याचा जीव घेतलाय.

बे_एरिया_बंडू

घुमट वाढवत वाढवत नेला आणि सगळा मंगळच झाकला तर?

धूमकेतू

त्यालाही नाव आहे, पॅराटेराफॉर्मिंग. रिचर्ड टेलर यांनी १९९२ मध्ये अख्ख्या ग्रहावर छत घालायची कल्पना मांडली होती. छत जमिनीपासून काही किलोमीटर उंच. त्याचा फायदा हा की हवा फक्त छताखालीच भरायची, शंभर किलोमीटर उंचीपर्यंत नाही. म्हणजे अर्ध्या वाटेवरचा प्रकार.

टवाळ

थोडक्यात, पहाटे शाल गुंडाळून मंगळावर फिरायला जाता आलं तर टेराफॉर्मिंग, स्पेससूट लागला तर वसाहत. संपला धागा.

धूमकेतू

व्याख्या वाईट नाही, पण मधल्या पायऱ्या गाळल्यात. मंगळावर सरासरी हवेचा दाब ६ मिलिबारच्या आसपास. आपल्याकडे समुद्रसपाटीला १०१३. साधारण ६३ मिलिबारच्या खाली दाब गेला की शरीराच्या तापमानालाच पाणी उकळायला लागतं. म्हणजे आजच्या दहापट हवा झाली, तर निदान अंग उकळण्याची भीती जाईल. दाबाचा सूट काढून ठेवता येईल, पण तोंडावर प्राणवायूचा मुखवटा हवाच. त्यापुढे पिकं उघड्यावर घेता येतील अशी स्थिती, आणि सगळ्यात शेवटी श्वास घेण्याजोगी हवा. यातल्या कुठल्या पायरीला पोचल्यावर 'झालं' म्हणायचं, यावर एकमत नाही. तुमच्या लेखात कोणती पायरी अभिप्रेत आहे ते बघा, कारण 'राहण्याजोगा' हा शब्द पहिल्या पायरीलाही वापरतात आणि शेवटच्यालाही.

पंतोजी

चर्चा रंगली आहे. थोडं व्युत्पत्तीबद्दल.

लॅटिन 'टेरा' म्हणजे भूमी, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ती 'टेरा' का? तर मूळ अर्थ 'कोरडी'. पाण्याहून वेगळी ती कोरडी, म्हणून जमीन. आपल्या 'तृष्' धातूची ही भाऊबंद. तृषा, तृष्णा त्याच कुळातल्या. तेव्हा शब्दशः गेलात तर टेराफॉर्मिंग म्हणजे कोरडं करणं, आणि मंगळाला त्याची काहीच गरज नाही.

आता संस्कृतावरून शब्द करायला जावं तर इथे एक मौज आहे. पृथ्वीचं ते 'भौम'. पण भौम हे मंगळाचंच नाव! भूमीचा पुत्र तो भौम. 'कुज' हेही तेच, कु म्हणजे पृथ्वी, तिच्यापासून जन्मलेला. म्हणजे 'भौमीकरण' म्हटलं तर पृथ्वीसारखं करणं की मंगळासारखं करणं, हे संदर्भावर सोडावं लागेल. 'पार्थिवीकरण' व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, परंतु मराठीत 'पार्थिव' म्हटल्यावर लोक चपला काढून गंभीर चेहऱ्याने उभे राहतात. 'भूरूपण' म्हणावं तर भूगोलाच्या पुस्तकात भूरूपं म्हणजे डोंगर, दऱ्या, पठारं.

असो. पर्याय बाद करणं सोपं असतं.

टवाळ

पंतोजी, पार्थिव गणपती विसरलात. त्या न्यायाने मंगळाची प्राणप्रतिष्ठा करता येईल.

सर्व्हर_डाऊन

मी वेगळ्याच कारणाने आत आलो. हिंजवडीत 'टेराफॉर्म येतं का?' हा मुलाखतीतला प्रश्न आहे. हॅशिकॉर्प कंपनीने २०१४ मध्ये या नावाची प्रणाली आणली. क्लाउडवर किती सर्व्हर हवेत, जाळं कसं जोडायचं, हे सगळं फायलीत लिहून ठेवायचं, मग ती प्रणाली ते उभं करते. रिकाम्या जागेवर राहण्याजोगं जग उभं करायचं, अशी ती नावामागची कल्पना. आज्ञाही तशाच: आधी 'प्लॅन', मग 'अप्लाय', आणि कंटाळा आला की 'डिस्ट्रॉय'.

मुद्दा असा की देवनागरीत शोधलं तर निम्मे निकाल नोकऱ्यांचे येतात. शिवाय 'टेराबाइट'मधला टेरा वेगळा, पण आपल्या लिपीत दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. माझ्या पुतण्याला वाटायचं टेराफॉर्मिंग म्हणजे एकावर बारा शून्यं इतकं काहीतरी प्रचंड काम.

पंतोजी

पुतण्याचा तर्क मजेशीर आहे. तो 'टेरा' ग्रीक 'तेरास'वरून, म्हणजे राक्षस, अक्राळविक्राळ प्राणी. आकड्याच्या अवाढव्यपणामुळे ते नाव दिलं. भूमीशी संबंध नाही.

हेमाडपंती

मुंबईची सात बेटं जोडली, तेही टेराफॉर्मिंगच की. समुद्र हटवला, वस्ती केली. हल्ली इंग्रजी लेखांत सर्रास असं लिहितात.

धूमकेतू

त्याला भराव म्हणतात आणि तो शब्द उत्तम आहे. हवा तीच, ऊन तेच. समुद्रात माती टाकली म्हणून ग्रह बदलत नाही.

हेमाडपंती

शब्द मालकीचे नसतात हो. अमिताव घोष यांनी 'टेराफॉर्मिंग' वापरलाय तो वसाहतवादासाठी. युरोपीय लोक अमेरिकेत गेले तेव्हा त्यांनी नुसती माणसं हटवली नाहीत. जंगलं तोडली, आपली गुरं, आपली पिकं, आपलं गवत आणलं, नद्या वळवल्या, आणि तो प्रदेश स्वतःच्या मायदेशासारखा करून टाकला. आधी तिथे राहणाऱ्यांना तो ओळखू येईनासा झाला. त्यांचं म्हणणं असं की विज्ञानकथेतली कल्पना या इतिहासातूनच उचललेली आहे. मला ते पटतं. 'वासयोग्य' म्हणताना 'कोणासाठी' हे विचारायला हवंच. कोणासाठी वासयोग्य, कोणासाठी नाही, हे त्या शब्दात झाकलं जातं.

त्यामुळे संपादकांचं 'वसाहतीकरण' विज्ञान म्हणून चूक असेल, पण त्यांच्या हातून अजाणता खरं बोललं गेलंय.

अबोली

हेमाडपंती, मुद्दा दमदार आहे, पण माझ्या लेखात तो आणायला जागा नाही. लेख वायू आणि तापमानाबद्दल आहे.

काजवा

पृथ्वीवरचं टेराफॉर्मिंगच्या सर्वांत जवळ जाणारं उदाहरण द्यायचं तर मुंबई नको, असेन्शन बेट घ्या. वनस्पतिशास्त्रवाल्या लोकांत ते प्रसिद्ध आहे, बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं.

दक्षिण अटलांटिकच्या मध्यावर हे एकटं ज्वालामुखी बेट. १८३६ मध्ये परतीच्या वाटेवर 'बीगल' जहाज तिथे थांबलं होतं, तेव्हा डार्विनने पाहिलं ते जवळपास उघडंबोडकं होतं. ब्रिटिश नौदलाचं ठाणं होतं, पण गोड्या पाण्याची ओढाताण. १८४३ मध्ये जोसेफ हूकर तिथे गेले, तोच हूकर ज्याने पुढे हिमालयात सिक्कीमकडे वनस्पती गोळा केल्या. त्यांनी सुचवलं की उंचावर झाडं लावा, झाडं धुक्यातलं पाणी धरतील, माती सुधारेल. १८५० च्या सुमारास लंडनच्या क्यू उद्यानातून जहाजांनी रोपं यायला लागली. जगभरातली सरमिसळ: निलगिरी, बांबू, केळ, नॉरफोकचे पाइन. कुठल्याही नैसर्गिक जंगलात ही मंडळी एकत्र भेटणार नाहीत. आणि तरी काही दशकांत शिखराचा भाग हिरवा झाला. आज त्या ८५९ मीटर उंच शिखराचं नाव ग्रीन माउंटन आहे आणि वर चक्क धुक्यातलं जंगल आहे.

डेव्हिड विल्किन्सन या ब्रिटिश परिसरशास्त्रज्ञाने २००४ मध्ये हे पुढे आणलं. जंगल म्हणजे हजारो वर्षांच्या सहउत्क्रांतीचं फळ असं आपण शिकतो. इथे गोळा करून आणलेल्या झाडांनी ते काम शेदीडशे वर्षांत केलं, आणि म्हणून मंगळाचा विचार करणाऱ्यांनी या बेटाकडे बघावं, असा त्यांचा मुद्दा.

पण दुसरी बाजूही आहे. बेटाचे स्वतःचे काही नेचे होते, जगात दुसरीकडे कुठेच नसलेले. बाहेरच्या झाडांनी त्यांची जागा खाल्ली. एक नेचा तर नामशेष झाला असंच धरलं होतं, २००९ मध्ये कड्यावर त्याची काही रोपं पुन्हा सापडली. हेमाडपंती विचारतायत ना, कोणासाठी वासयोग्य? ते इथेही लागू आहे.

धूमकेतू

काजवा, सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली. फक्त एवढंच म्हणेन की असेन्शनला हवा, दाब, समुद्र, गुरुत्वाकर्षण, सगळं फुकट मिळालं होतं. कमी होती माती आणि पाणी अडवणारं काहीतरी. मंगळावर यातलं काहीच फुकट नाही.

बे_एरिया_बंडू

मंगळाचं सगळंच फुकाचं आहे असं मला वाटतं. त्याला चुंबकीय क्षेत्र नाही. हवा भरली तरी सौरवारा, म्हणजे सूर्याकडून येणारा कणांचा झोत, ती उडवून नेणार. विषय संपला.

धूमकेतू

हा आक्षेप दर धाग्यावर येतो. हवा उडून जाते हे खरं, पण किती वेगाने ते बघा. मेव्हन हे नासाचं यान हेच मोजायला गेलं. (आपलं मंगळयान आणि ते एकाच आठवड्यात, सप्टेंबर २०१४ मध्ये कक्षेत पोचले.) त्याचं मोजमाप आलं सेकंदाला सुमारे १०० ग्रॅम. या वेगाने मंगळाची आजची विरळ हवा संपायलाही अब्जावधी वर्षं लागतील. पूर्वी, सूर्य तरुण आणि तापट असताना, हा वेग खूप जास्त होता. म्हणून मंगळ उघडा पडला. पण आज कुणी हवा भरू शकला, तर त्याला गळती बुजवत बसावं लागणार नाही. चुंबकीय ढाल लागेल ती मुख्यतः किरणोत्सारापासून बचावासाठी, आणि दाट हवा त्याचंही बरंच काम करते.

खरी अडचण भरायला हवाच नाही, ही आहे. ब्रूस जकॉस्की आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्स यांनी २०१८ मध्ये मंगळावरच्या कार्बन डायऑक्साइडचा हिशोब मांडला. ध्रुवांवरचा बर्फ, मातीच्या कणांना चिकटलेला वायू, हाताशी येण्याजोगे खनिजसाठे, सगळं धरून दाब फार तर आजच्या तिप्पट होतो. ६ चा १८-२० मिलिबार. मघाशी मी ६३ म्हटलं होतं ते आठवा. पहिलीच पायरी एवढ्या लांब. २०१५ मध्ये इलॉन मस्क ध्रुवांवर अणुबॉम्ब टाकायच्या गोष्टी करत होते. बॉम्ब टाकून जे सुटेल ते याच हिशोबातलं. शिवाय नायट्रोजन तिथल्या हवेत ३ टक्क्यांहूनही कमी आहे आणि तो नसेल तर पिकं नाहीत. मातीत परक्लोरेटं, म्हणजे विषारी क्षार आहेत, हे फिनिक्स यानाने २००८ मध्येच दाखवलं.

अबोली

मग मूळ लेखात 'आता हे शक्य कोटीतलं वाटू लागलंय' असं का म्हटलंय? नॅनोकणांचा उल्लेख आहे.

धूमकेतू

ते २०२४ चं काम. मंगळाच्या धुळीत लोह आणि ॲल्युमिनियम आहे. त्याच्या अतिसूक्ष्म सळया बनवून हवेत सोडत राहायच्या, त्या उष्णता अडवतात आणि ऊन जमिनीकडे वळवतात. हरितगृह वायू मंगळावर बनवायच्या जुन्या कल्पनांपेक्षा हे ५००० पटींहून जास्त परिणामकारक, असं संशोधकांचं गणित. तापमान ३० अंशांच्या आसपास वाढेल, काही दशकांत. त्याआधी २०१९ मध्ये रॉबिन वर्ड्सवर्थ वगैरेंनी दोन-तीन सेंटिमीटर जाड सिलिका एरोजेलचा (अतिशय हलका, ऊन आत येऊ देणारा पदार्थ) थर जमिनीवर अंथरायची कल्पना मांडली होती. खाली ऊब साठते, अतिनील किरण अडतात, आणि हे फक्त हव्या त्या तुकड्यापुरतं करता येतं.

पण लक्षात घ्या, दोन्हींत तापमानाचीच गोष्ट आहे. श्वास घेता येत नाही, दाब फारसा वाढत नाही. जगू शकतील ते सूक्ष्मजीव. म्हणून मी सुरुवातीपासून पायऱ्यांवर अडून बसलोय. बातमीच्या मथळ्यात 'टेराफॉर्मिंग शक्य' आणि आत 'बर्फ वितळवणं शक्य'. दोहोंत शंभर पटींचा फरक आहे.

आणि या पहिल्या टप्प्याला वेगळा शब्द आहे. कॅनडाचे आनुवंशशास्त्रज्ञ रॉबर्ट हेन्स यांनी तो घडवला: इकोपोइसिस. निर्जीव ग्रहावर पहिली, प्राणवायूविना चालणारी, सूक्ष्मजीवांची परिसंस्था उभी करणं. माणूस त्यात कुठेच नाही. त्यांनी तो मुद्दाम केला, कारण टेराफॉर्मिंगमध्ये 'पृथ्वीसारखं' हे ध्येय आधीच गृहीत आहे.

पंतोजी

हा शब्द मला फार आवडला. 'ओइकोस' म्हणजे घर, हे आपल्या 'विश्' धातूचं नातलग: प्रवेश, वैश्य, निवेश. आणि 'पोइसिस' म्हणजे घडवणं, ज्यावरून इंग्रजीतली 'पोएट्री' आली. मराठीत करायचाच तर 'निवेशघडण' म्हणा. पण हिंदीच्या कृपेने निवेश म्हटलं की लोक म्युच्युअल फंड शोधायला लागतात.

काजवा

संस्कृत सोडून जरा शेताकडे बघा. सातबाऱ्यावर पडीक आणि वहीत असे शब्द असतातच. जमीन 'वहितीखाली आणणे' म्हणतात. टेराफॉर्मिंगचा भाव तोच, पण ते जमिनीपुरतं राहतं, हवेला लागू होत नाही.

त्यापेक्षा 'नांदता करणे' कसं वाटतं? ओसाड वाडा नांदता झाला, गाव नांदतं झालं. 'मंगळ नांदता करणे'. वसवणं आणि नांदतं करणं यात फरक आहे. वसवायला माणसं आणून ठेवली की झालं. नांदतं व्हायला तिथलं रहाटगाडगं आपलं आपण चालू लागावं लागतं. फॉग यांची 'स्वतःच्या बळावर चालणारं' ही अट त्यात आपोआप येते.

हेमाडपंती

नांदणं माणसांचं. सूक्ष्मजीव कुठले नांदायला?

काजवा

सुख नांदतं, शांतता नांदते, घरात लक्ष्मी नांदते. माणसंच हवीत असं कुठाय?

टवाळ

इतकी वर्षं पत्रिकेत मंगळ आहे म्हणून मुलींना नांदायला अडचण येत होती. आता मंगळालाच नांदवायला निघालात. त्याची पत्रिका कोण बघणार?

पंतोजी

टवाळ, हसलो. पण यात एक व्याकरणाची खोच आहे. 'नांदवणे' हे प्रयोजक रूप मराठीत आधीच एका विशिष्ट अर्थाने रुळलेलं आहे. 'नवरा नांदवत नाही' अशी तक्रार पोलीस ठाण्यात होते. त्यामुळे 'मंगळ नांदवणे' टाळावं, 'नांदता करणे' ठेवावं. अडचण नामाची. 'नांदतेकरण' हा धेडगुजरी प्रकार मी तरी लिहिणार नाही. लेखात 'टेराफॉर्मिंगचा खर्च', 'टेराफॉर्मिंगचे टप्पे' अशी नामरूपं सतत लागतील.

सर्व्हर_डाऊन

मग नाम इंग्रजीच ठेवा, क्रियापद मराठी. रोजच्या बोलण्यात आपण तेच करतो. लिंग कोणतं धरणार? शूटिंग झालं, पण मीटिंग झाली.

पंतोजी

'मीटिंग' स्त्रीलिंगी झाली ती 'सभा' आणि 'बैठक' यांच्या संगतीने. संगत नसली की असे शब्द बहुधा नपुंसकलिंगाकडे जातात: ड्रेसिंग केलं, वेल्डिंग झालं. टेराफॉर्मिंगही नपुंसकच. 'मंगळाचं टेराफॉर्मिंग'.

बे_एरिया_बंडू

माझी मुलगी इथे शाळेत 'टेराफॉर्म्ड' म्हणते, घरी मराठीत 'टेराफॉर्म केलेला'. 'टेराफॉर्मिंग मार्स' या बोर्ड गेममुळे हा शब्द तिला पाठ झालाय. त्यात तापमान, प्राणवायू आणि समुद्र अशा तीन खुणा पुऱ्या झाल्या की खेळ संपतो. धूमकेतूंच्या पायऱ्यांइतकं बारीक नाही, पण दहा वर्षांच्या मुलीला एवढं कळतं की नुसतं गरम करून भागत नाही.

हेमाडपंती

कायद्याचा मुद्दा राहिलाच. १९६७ च्या बाह्य अवकाश करारातलं नववं कलम परग्रहांचं हानिकारक प्रदूषण टाळायला सांगतं. मंगळावर जाणारी यानं निर्जंतुक करतात ती त्याच विचाराने. एकीकडे एक जिवाणू चुकून जाऊ नये म्हणून धडपड आणि दुसरीकडे टनावारी जिवाणू मुद्दाम पेरायचे बेत. आधी तिथे काही जिवंत आहे की नाही ते तरी नीट बघू द्या.

धूमकेतू

पूर्ण सहमत. एकदा पेरलं की जे सापडेल ते मंगळाचं की आपलं, हे सांगणं फार अवघड होईल. इकोपोइसिस मांडणाऱ्यांची पहिली अटही हीच असते, ग्रह निर्जीव असल्याची खात्री.

अबोली

मंडळी, खूप मदत झाली. संपादकांशी बोलले. ठरलंय असं: पहिल्यांदा येईल तिथे 'टेराफॉर्मिंग, म्हणजे परग्रह उघड्यावर जगता येईल असा करणं' एवढं लिहायचं, पुढे टेराफॉर्मिंगच. क्रियापद लागेल तिथे 'नांदता करणे'. आणि नॅनोकणांच्या परिच्छेदात शब्दच बदलतेय. तिथे नुसतं 'मंगळ तापवणं' लिहिणार, कारण मूळ लेखकाने तिथे टेराफॉर्मिंग ढिलं वापरलंय असं माझं मत झालंय. 'वसाहत' जिथल्या तिथे परत आली.

एक शेवटची शंका. लेखाच्या शेवटी शुक्राचा परिच्छेद आहे. सेगन यांच्या शेवाळाचं पुढे काय झालं? आणि शुक्रालाही हेच शब्द चालतील ना?

धूमकेतू

शेवाळ बारगळलं. १९६१ मध्ये शुक्राचा दाब नेमका माहीत नव्हता. नंतर यानं उतरली आणि कळलं की जमिनीवर ९० बारहून जास्त दाब (एक बार म्हणजे हजार मिलिबार), ४६० अंशांच्या आसपास तापमान, आणि हवेत ९६ टक्क्यांहून जास्त कार्बन डायऑक्साइड. शेवाळाने एवढा वायू फोडलाच तर जमिनीवर कार्बनचा जाड थर आणि वर भयानक दाबाचा प्राणवायू उरेल. ठिणगी पडली की सगळं पुन्हा पहिल्यासारखं. सेगन यांनीही पुढे ती कल्पना सोडून दिली. शिवाय शुक्राला स्वतःभोवती एक फेरी पुरी करायला २४३ दिवस लागतात, त्याचं काय करायचं ते वेगळंच.

शब्द तेच चालतील, पण परिच्छेद तपासून बघा. शुक्राबद्दल हल्ली जे लिहितात ते बहुधा ढगांतल्या तरंगत्या वस्त्यांबद्दल असतं. जमिनीपासून ५० ते ५५ किलोमीटर उंचीवर दाब अर्धा ते एक बार असतो आणि त्यातल्या वरच्या भागात तापमान सोसण्याजोगं असतं, आणि आपली श्वासाची हवा तिथल्या वायूपेक्षा हलकी असल्याने तिने भरलेला फुगाच तरंगतो. नासातले जेफ्री लँडिस यांनी हे मांडलंय. बाहेर सल्फ्युरिक आम्लाचे ढग तसेच राहतात, ग्रहाला कुणी हात लावत नाही. तसं असेल तर तिथे टेराफॉर्मिंग काढून 'वसाहत' घाला. संपादक खूश होतील.